तत्त्वतः चालू

साडूभाऊ दारात उभे राहिले तेव्हा माझा कॉम्प्युटर चालू होता. ही नोंद आधीच करून ठेवतो. पुढे घरात यावरून बरंच बोलणं झालं आणि बायकोने माहेरची बाजू अशी मांडली की, मशीन मुळात बिघडलेलंच होतं, भावोजींनी हात लावला म्हणून निदान कळलं तरी.

बिघडलेलं काही नव्हतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनची मुदत संपली आणि माझं मशीन नऊ वर्षांचं, म्हणून विंडोज इलेव्हनने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, इतकंच. हे दुःख मी एका लग्नात बुफेच्या रांगेत मोठ्याने बोलून बसलो. मागे साडूभाऊ उभे होते. विमा एजंटापुढे कुणी आपण होऊन "एखादी पॉलिसी काढायची होती" म्हणावं, तसा त्यांचा चेहरा उजळला. ताटलीतली जिलबी ताटलीतच राहिली. "रविवारी येतो," म्हणाले.

आले. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात पेनड्राइव्ह, आणि शर्टाच्या खिशात आणखी एक पेनड्राइव्ह, पहिल्याने दगा दिला तर असावा म्हणून.

लिनक्सवाला तुम्ही पाहिलेला आहेच, त्याचं वेगळं वर्णन करत बसत नाही. लॅपटॉपच्या झाकणावर पेंग्विन. कुणाच्या बारशाला गेला तरी बाळाआधी त्या घरातला राउटर बघणार. "फुकट आहे" असं आपण म्हटलं की दुखावणार आणि "फुकट नव्हे, मुक्त" अशी दुरुस्ती करणार. आमच्या साडूभाऊंमध्ये हे सगळं आहेच. शिवाय ते साडू आहेत. साडू हे नातं मोठं अडचणीचं. त्याच्याशी भांडता येत नाही, त्याला टाळता येत नाही, आणि आपल्या सासऱ्यांबद्दल आपल्याला जे ठाऊक असतं ते सगळं त्यालाही ठाऊक असतं. त्यातून हे थोरल्या मेहुणीचे यजमान. जुनी माणसं बायकोच्या थोरल्या बहिणीला अक्कडसासू म्हणायची, ती उगाच नव्हे.

पण साडूभाऊंची खरी ओळख म्हणजे त्यांचा एक शब्द. 'बंद', 'बिघडलं', 'चालत नाही' असलं काही त्यांच्या तोंडून कधी येत नाही. ते म्हणतात, "तत्त्वतः." उभ्या महाराष्ट्राला हा शब्द २०१७ च्या कर्जमाफीत 'सरसकट' आणि 'निकष' यांच्या जोडीने भेटला आणि मग लोक तो विसरून गेले. साडूभाऊंनी तो ठेवून घेतला. त्यांच्या घरी टीव्हीला लिनक्सचा एक डबा जोडलेला आहे. आम्ही सगळे तिथे मॅच बघायला जमलो, तर चित्र आलं, आवाज नाही. "आवाज तत्त्वतः येतोय," म्हणाले, "फक्त तो दुसऱ्या वाटेने बाहेर पडतोय." सगळा सामना आम्ही मुकाट्याने, एखाद्याच्या दहाव्याला बसावं तसा पाहिला. त्यांचा लॅपटॉप एकदा झोपवला की पुन्हा उठत नाही. तोही तत्त्वतः जागाच असतो. शेवटी अक्कडसासूबाई एकदा म्हणाल्या, "आमचंही लग्न तत्त्वतः झालेलं आहे." साडूभाऊ त्यावर हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली.

तर रविवार. पेनड्राइव्ह लागला, वीस-पंचवीस मिनिटांत लिनक्स बसलंही. मी मनातल्या मनात शरमलो, उगाच या माणसाबद्दल वाईटसाईट चिंतलं म्हणून. मग साडूभाऊंनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि पडदा काळा झाला. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीकशी पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

"तत्त्वतः सुरू झालाय," साडूभाऊ म्हणाले.

"काय सुरू झालंय?"

"कॉम्प्युटर. आतून पूर्ण चालू आहे. फक्त दाखवत नाहीये."

मग व्याख्यान. दोष लिनक्सचा नाही, ग्राफिक्स कार्डाचा. कार्ड बनवणारी कंपनी आपलं कार्ड आतून कसं बोलतं ते सांगत नाही. मग जगभरातली हौशी माणसं बाहेरून कान लावून त्याची भाषा ओळखतात आणि त्यावरून ड्रायव्हर लिहितात. अशा एका ड्रायव्हरचं नावच 'नूवो', म्हणजे फ्रेंचमध्ये 'नवा', आणि तो २०१० पासून लिनक्समध्ये आहे. सोळा वर्षांच्या आसपास झालेल्या गोष्टीला नवा म्हणणं हे मला आमच्या गावच्या 'नव्या पुला'सारखं वाटलं, पण मी बोललो नाही. त्यानंतर त्यांनी फोनवर एक व्हिडिओ दाखवला. २०१२ साली फिनलंडमध्ये, आल्टो विद्यापीठात, लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स अशाच एका बड्या ग्राफिक्स कंपनीला उद्देशून कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवतो. साडूभाऊंनी हा व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल कोण जाणे, पण बोट वर जाण्याआधीच त्यांचे हात जोडले गेले होते. शेजारी बाबा बसले होते. वय ८२. त्यांनी बोट पाहिलं आणि विचारलं, "लागलंय का त्याला?"

साडूभाऊंनी सुरुवातीच्या यादीत एका ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' असा मंत्र घातला. याचा अर्थ, ग्राफिक्सच्या भानगडीत पडू नकोस, जमेल तसं दाखव. आणि पडदा आला! जमेल तसाच आला. एकेक अक्षर कोहळ्याएवढं. अर्ध्या खिडक्या पडद्याबाहेर लोंबत होत्या. माझं तोंड पडलं, बाबा मात्र खुर्ची ओढून पुढे सरकले. "आता कुठे दिसायला लागलं," म्हणाले. चष्मा काढून त्यांनी पडद्यावर जे काही होतं ते मोठ्याने वाचलं. ते इंग्रजीत होतं आणि त्यात पुष्कळ चुका झाल्याची कबुली होती.

खरा ड्रायव्हर बसवायचा तर त्याला मशीनची सही लागते. त्यासाठी पुन्हा चालू होताना एक निळा पडदा येतो, तो जेमतेम दहा सेकंद थांबतो, तेवढ्यात एक कळ दाबून आधी ठरवलेला पासवर्ड द्यायचा. पहिल्या वेळी साडूभाऊ चहा घेत होते. दुसऱ्या वेळी ते मला हे दहा सेकंद का महत्त्वाचे आहेत ते समजावून सांगत होते. तिसऱ्या वेळी बायकोला पहाऱ्यावर बसवलं. ती डोळ्याची पापणी न लववता बसली आणि निळा पडदा दिसताच अशी ओरडली की खालच्या मजल्यावरचे वर आले. पासवर्ड पडला, ड्रायव्हर बसला, अक्षरं होती तशी बारीक, रेखीव झाली.

"घालवलंत ना?" बाबा म्हणाले आणि आत निघून गेले.

इथपर्यंत ठीक होतं. मुंज लागली, पण लग्न बाकी होतं. लग्न म्हणजे प्रिंटर.

प्रिंटर काळा-पांढरा, लेझर, २०११ साली घेतलेला. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जो असतो तोच. आणि नोव्हेंबर लागला होता. ज्यांच्या घरी पेन्शनर आहे त्यांना नोव्हेंबर म्हणजे काय ते सांगायला नको. हयातीचा दाखला. बँकेने फॉर्म मेलवर पाठवलेला, तो छापून, बाबांची सही घेऊन, नेऊन द्यायचा. अंगठ्याने, चेहऱ्याने ऑनलाइन होतं हे मलाही माहीत आहे. बाबांनी उभ्या आयुष्यात छापखान्यातले खिळे हाताळल्यामुळे त्यांच्या अंगठ्याला ठसा उरलेला नाही, आणि चेहरा मोबाइलला दाखवायला ते तयार नाहीत. तेव्हा कागद.

मी छापण्याची आज्ञा दिली. प्रिंटरने घर्र केलं, हिरवा दिवा दोनदा लुकलुकला, शांतता. पडद्यावर आलं, काम पूर्ण.

"छापलं," साडूभाऊ म्हणाले.

"कुठे?"

"तत्त्वतः छापलं. रांगेतून पुढे गेलं ना."

मी चिडलो. साडू असला तरी माणसाला मर्यादा असतात. त्यावर साडूभाऊंनी अतिशय थंडपणे मला सांगितलं की जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक घेतले, तर नोव्हेंबर २०१७ पासून ते पाचशेच्या पाचशे लिनक्सवर चालतात. एप्रिल २०२१ मध्ये मंगळावर जे छोटं हेलिकॉप्टर उडालं त्यातही लिनक्स होतं. तुमच्या त्या उष्ट्या सफरचंदाच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवरून जे छापलं जातं, तेही 'कप्स' नावाच्या ज्या सॉफ्टवेअरमधून जातं तेच आत्ता तुमच्या टेबलावर चालू आहे. हे सगळं खरं होतं. मी नंतर तपासलं. पण मंगळ कुठे आणि माझा प्रिंटर कुठे? त्यांच्यामधली वायर दीड हाताची आहे.

मग कप्सचं ते पान उघडलं गेलं, ज्याच्या पत्त्यात ६३१ हा आकडा असतो. पुढचे दोन रविवार मी या आकड्याच्या सहवासात काढले. तिथे लिहून आलं, 'फिल्टर फेल्ड.' स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "कालच तर धुतलाय."

फिल्टर म्हणजे दुभाषी. आपलं पान एका दुभाष्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातं आणि शेवटचा दुभाषी ते प्रिंटरच्या खाजगी बोलीत सांगतो. आमच्या प्रिंटरची अडचण अशी की तो स्वस्तातला. त्याला स्वतःचं डोकं नाही, सगळा विचार कॉम्प्युटरने करून ठिपके तयार हातात द्यावे लागतात. आणि त्याची बोली जाणणारा शेवटचा दुभाषी कंपनीने ३२ बिटच्या जमान्यात तयार केलेला, आमचं घर ६४ बिटचं. साडूभाऊ या दुभाष्याला ६४ बिटच्या घरात जुनी खोली बांधून द्यायला बसले. संध्याकाळी सहा वाजता खोली बांधून झाली, पण दुभाषी गप्प. सात वाजता प्रिंटरने एक कोरा कागद सोडला. साडूभाऊंनी तो दोन्ही हातांनी उचलला, दिव्यासमोर धरला आणि म्हणाले—

"नका म्हणू," मी म्हणालो.

पुढचा रविवार असाच. अधल्या-मधल्या दिवसांत ते रात्री अकराला फोन करून मला काळ्या खिडकीत कमांडा टाकायला लावत. "आता मोठ्या लिपीत एल, मग पी..." मी टाकत होतो. अठ्ठावीस तारीख आली. घरातही तो शब्द पसरला होता. भाजीत मीठ तत्त्वतः असे. बायकोच म्हणाली, "अहो, तीस तारखेनंतर बाबा तत्त्वतः हयात राहतील हं." ते ऐकून मात्र माझं अवसान गेलं. मी गुपचूप कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो, पाच रुपये दिले, फॉर्म छापून आणला, सही घेतली, बँकेत दिला. दुकानात आमच्यासारखाच प्रिंटर होता. त्याने आठ सेकंदांत छापलं. ही गोष्ट साडूभाऊंना कळू द्यायची नाही असं घरात ठरलं.

म्हणून तिसऱ्या रविवारी ते आले तेव्हा आम्ही तिघंही फॉर्मची वाट बघत असल्याचा चेहरा करून बसलो. दुपारी तीनच्या सुमारास प्रिंटर घर्र म्हणाला, पुन्हा घर्र म्हणाला, आणि कागद आला. गरम, काळाभोर, अक्षरांनी भरलेला. साडूभाऊ आनंदाने उभे राहिले. मी कागद उचलला. चौकटी जागच्या जागी, रेघा सरळ, आणि मराठीच्या जागी सगळीकडे रोमन अक्षरं, स्वल्पविराम, कंस, पौंडाची चिन्हं यांचा कालवा.

यावर साडूभाऊही काही बोलले नाहीत. तत्त्वतःसुद्धा नाही. ते खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच मला त्यांचं वय दिसलं.

बाबांनी हात पुढे केला. कागद घेतला, भिंग आणायला सांगितलं. बाबा सरकारी छापखान्यात जुळारी होते. पस्तीस वर्षं खिळे जुळवले, शिशाचे, उलटे. आजही पेपर उलटा धरून ते सरळ वाचतात. त्यांनी भिंग एका ओळीवरून नेलं, परत आणलं, बोटांनी काहीतरी मोजलं.

"खिळे बरोबर उचललेत," ते म्हणाले. "केस चुकलीय."

"म्हणजे?"

"अरे, हात बरोबर खान्यात गेलाय. 'म' जिथे असतो त्याच खान्यात. पण समोर मराठीची केस ठेवायची ती कुणीतरी इंग्रजीची ठेवलीय. नवीन पोरं करायची असं. हे बघ, हे चिन्ह जिथे जिथे आलंय तिथे तिथे 'र' आहे."

साडूभाऊ बाबांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "काका, फॉन्ट फाइलमध्ये घातलेलाच नाही. जुना डीटीपीचा फॉन्ट आहे, युनिकोडच्या आधीचा. मशीनमध्ये तो नाही म्हणून त्याने दुसरा लावला." बाबांनी मान हलवली, म्हणजे मी तेच म्हणालो. जुना फॉन्ट माझ्या विंडोजच्या जुन्या फोल्डरात सापडला. एकच फाइल.

ती बसेपर्यंत दोघांच्या गप्पा सुरू झाल्या, आणि त्या मी लांबून ऐकल्या. बाबा सांगत होते की ट्रेडल मशीन अडलं की ते स्वतःच उघडत, पाचर ठोकत, पट्टा बदलत. कुणाला विचारायची गरज नसे, मशीनच्या पोटात काय आहे ते सगळ्यांना दिसायचं. साडूभाऊंनी त्यांना एमआयटीतली गोष्ट सांगितली. १९८० च्या सुमाराची. तिथल्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने लेझर प्रिंटर भेट दिला. त्यात कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रामरने आधीच्या प्रिंटरला अशी सोय करून दिली होती की कागद अडकला की कॉम्प्युटरवर निरोप येई. नव्या प्रिंटरलाही तशी करायची म्हणून त्याने प्रोग्रामचा मूळ मजकूर मागितला. ज्याच्याकडे तो होता तो म्हणाला, देणार नाही, मी तसं वचन दिलंय. स्टॉलमनने हा राग विझू दिला नाही. १९८३ साली त्याने सगळ्यांना उघडून बघता येईल अशी व्यवस्था नव्याने लिहायला घेतल्याचं जाहीर केलं. लिनक्स आलं ते नंतर, १९९१ मध्ये, आणि त्याच कामाच्या आधाराने उभं राहिलं.

"एवढं सगळं कागद अडकला म्हणून?" बाबांनी विचारलं.

"हो."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले.

साडूभाऊ त्या दिवशी जेवायला थांबले. अक्कडसासूबाईंशी फोनवर बोलताना बायकोला जे कळलं ते मला रात्री कळलं. २००६ साली उबुंटूच्या सीडी परदेशातून टपालाने फुकट यायच्या. साडूभाऊ दर वेळी दहा-दहा मागवायचे आणि शाळांना, वाचनालयांना, नात्यातल्या कॉम्प्युटरवाल्यांना वाटायचे. उरलेल्या सीडींची पाकिटं अजून कपाटात आहेत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली. आणि ज्या ऑफिसात ते बावीस वर्षं काढतायत तिथे त्यांना कंपनीचा लॅपटॉप मिळालाय. त्यात विंडोज आहे. त्याच्यावर काही बसवायची परवानगी नाही. प्रिंटर जोडायचा तरी वरच्या मजल्याला विनंती पाठवावी लागते आणि ती मंजूर व्हायला दोन दिवस लागतात. सोमवार ते शनिवार हा माणूस बंद डब्यासमोर बसतो. रविवारी दुसऱ्यांचे उघडायला बाहेर पडतो.

याचा अर्थ मी त्यांना माफ केलं असा नाही. तीन रविवार गेले, पेढे त्यांनीच संपवले, आणि माझ्या फोटोंचं फोल्डर तत्त्वतः सुरक्षित आहे, कुठे ते अजून सापडलेलं नाही.

पण प्रिंटर चालतो. फॉन्ट बसल्यावर त्या दिवशी पहिला फॉर्म निघाला तो स्वच्छ मराठीत. बाबांनी त्याच्यावरून भिंग फिरवलं, रफार पाहिले, वेलांट्या पाहिल्या, "शाई सारखी लागलीय," म्हणाले आणि खाली सही केली. तो दुसरा फॉर्म मी बँकेत दिलेला नाही. तो बाबांच्या टेबलावर काचेखाली आहे.

साडूभाऊ गेले दोन महिने आलेले नाहीत, कारण काही बिघडलेलंच नाही. बाबा त्यांना 'पाहुणे' म्हणायचे. परवा सकाळी मला म्हणाले, "अरे, त्याला फोन कर. आवाज येत नाहीये म्हणावं."

आवाज व्यवस्थित येतो. मी फोन केला.